कर्मचारी भरतीतील कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मानवी निर्णय

कर्मचारी भरतीतील कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे नोकरीसाठी उमेदवार शोधणे, आलेल्या अर्जांची छाननी करणे, चाचण्या व मुलाखती घेणे आणि उमेदवारांचा गुणानुक्रम लावणे या कामांसाठी संगणकीय प्रणालींचा केलेला वापर होय. अशा प्रणाली सामान्यतः गुण, क्रम किंवा शिफारस देतात आणि नेमणुकीचा अंतिम निर्णय मनुष्यबळ विभागातील अधिकारी किंवा संबंधित खात्याचा प्रमुख घेतो. त्यामुळे या विषयात केवळ यंत्राची अचूकता महत्त्वाची नसून यंत्राचा निष्कर्ष आणि माणसाचा निर्णय यांची सांगड कशी घातली जाते, हा मुख्य प्रश्न असतो.

भरती करणाऱ्या माणसांचे पूर्वग्रह अनेक देशांतील प्रयोगांतून दिसून आले आहेत. जुन्या निर्णयांवरून शिकणाऱ्या प्रणाली तेच पूर्वग्रह उचलतात, हेही दिसून आले आहे. प्रक्रियेच्या शेवटी एखादा अधिकारी नेमला की यंत्राच्या चुका आपोआप दुरुस्त होतात, हा समज मात्र संशोधनात टिकलेला नाही. माणसाला निर्णयासाठी किती वेळ मिळतो, यंत्राचे गुण त्याला केव्हा दाखवले जातात आणि नाकारलेले अर्ज त्याच्या नजरेस पडतात की नाही, यांवर मानवी देखरेखीची परिणामकारकता अवलंबून असते.

## स्वरूप

भरतीची प्रक्रिया अनेक टप्प्यांत चालते आणि प्रत्येक टप्प्यावर यंत्र व माणूस यांचा वाटा वेगवेगळा असतो.

पहिला टप्पा उमेदवारांपर्यंत पोहोचण्याचा असतो. समाजमाध्यमांवरील नोकरीची जाहिरात कोणाला दाखवायची हे बऱ्याच अंशी संगणकीय प्रणाली ठरवते. २०१९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी फेसबुकवर केलेल्या प्रयोगात, जाहिरातदाराने स्त्री-पुरुष असा कोणताही भेद केलेला नसतानाही लाकूडतोड उद्योगातील नोकऱ्यांच्या जाहिराती पाहणाऱ्यांत सुमारे ९० टक्के पुरुष होते. ज्यांना जाहिरात दिसलीच नाही त्यांचे अर्ज येत नाहीत, त्यामुळे पुढच्या टप्प्यावर बसलेल्या अधिकाऱ्याला हा भेद कळण्याचा मार्ग उरत नाही.

दुसरा टप्पा छाननीचा. येथे प्रणाली अर्जदाराच्या बायोडाटातून शिक्षण, अनुभव आणि कौशल्ये वेचून ती पदाच्या गरजांशी ताडून पाहते. साध्या प्रणाली ठरावीक शब्द किंवा अटी शोधतात. यंत्र-शिक्षणावर आधारित प्रणाली पूर्वी निवडल्या गेलेल्या उमेदवारांच्या माहितीवरून स्वतःचे निकष तयार करतात. तिसऱ्या टप्प्यात ऑनलाइन चाचण्या, ध्वनिमुद्रित किंवा चित्रित मुलाखती आणि संवाद साधणारे कार्यक्रम यांचा वापर होतो. अखेरच्या टप्प्यात मुलाखत मंडळ किंवा अधिकारी निवड करतो. अर्जांची संख्या सर्वांत जास्त घटते ती छाननीत, तर मानवी लक्ष सर्वांत जास्त खर्च होते ते अखेरच्या मुलाखतीत. या विसंगतीतून या क्षेत्रातील बरेचसे वाद उद्भवतात.

## इतिहास

माणसाचा अंदाज आणि ठरावीक सूत्राने काढलेला निष्कर्ष यांच्या तुलनेचा अभ्यास संगणकीय भरतीपेक्षा जुना आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तज्ज्ञांचे अंदाज आणि संख्याशास्त्रीय सूत्रे यांची तुलना केली. उपलब्ध माहिती एकत्र करून निष्कर्ष काढण्याच्या कामात साधी सूत्रेही तज्ज्ञांच्या बरोबरीची किंवा त्यांच्याहून सरस ठरतात, असे त्यांनी दाखवले. कर्मचारी निवड व शैक्षणिक प्रवेश यांविषयीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये नेथन कुन्सेल व सहकाऱ्यांनी घेतला. नोकरीतील कामगिरीचा अंदाज बांधताना तीच माहिती सूत्राने एकत्र केल्यास भाकिताची अचूकता ५० टक्क्यांहून अधिक वाढते, असे त्यात आढळले.

निवडीचे काम संगणकावर सोपवण्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक नोकरीचे नसून वैद्यकीय प्रवेशाचे आहे. लंडनमधील सेंट जॉर्जेस हॉस्पिटल मेडिकल स्कूलमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रवेश अर्जांच्या प्राथमिक छाननीसाठी एक संगणकीय कार्यक्रम तयार करण्यात आला आणि १९८२ पासून सर्व अर्ज त्यातून जाऊ लागले. निवड मंडळाच्या गुणांकनाशी त्याचे निष्कर्ष ९० ते ९५ टक्के जुळत. १९८६ मध्ये संस्थेतील दोन अध्यापकांनी तक्रार केल्यावर वांशिक समता आयोगाने चौकशी केली. तेव्हा स्त्रिया आणि युरोपीय नसलेली नावे धारण करणारे अर्जदार यांचे गुण हा कार्यक्रम कमी करत असल्याचे उघड झाले. त्यामुळे दरवर्षी सुमारे ६० अर्जदार मुलाखतीपासून वंचित राहिले असावेत, असा अंदाज होता. हा भेदभाव यंत्राने नव्याने निर्माण केलेला नव्हता. मंडळाच्या पूर्वीच्या निर्णयांची ती हुबेहूब नक्कल होती. लंडनमधील इतर बहुतेक वैद्यकीय विद्यालयांच्या तुलनेत या संस्थेत युरोपीय नसलेल्या विद्यार्थ्यांचे प्रमाण कमी नव्हते. मंडळाच्या मनात राहणारा भेदभाव येथे सूत्रात लिहिला गेल्यामुळे तो सिद्ध करता आला, ही बाब या प्रकरणाच्या चर्चेत वारंवार नमूद केली जाते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून बायोडाटा संगणकात साठवून त्यात शब्द शोधणारी व्यापारी सॉफ्टवेअर उपलब्ध झाली. १९९० च्या दशकात नोकरीविषयक संकेतस्थळे सुरू झाली. भारतात नोकरी डॉट कॉम हे संकेतस्थळ १९९७ मध्ये सुरू झाले. अर्ज करणे सोपे झाल्यामुळे एकेका जागेसाठी येणाऱ्या अर्जांची संख्या वाढली आणि छाननी यंत्राकडे सोपवण्याची गरज अधिक भासू लागली.

२०१४ पासून ॲमेझॉन कंपनीने उमेदवारांना एक ते पाच तारे देणारी प्रायोगिक प्रणाली विकसित केली होती. रॉयटर्स वृत्तसंस्थेने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार, तिला मागील दहा वर्षांत आलेले बायोडाटा दाखवून शिकवण्यात आले होते आणि त्यांत पुरुषांचे प्रमाण जास्त होते. परिणामी महिलांच्या बुद्धिबळ संघाचे नेतृत्व केल्यासारखे उल्लेख असलेल्या बायोडाटांना आणि दोन महिला महाविद्यालयांच्या पदवीधरांना ती कमी गुण देई. हे विशिष्ट दोष दुरुस्त केल्यावरही प्रणाली भेदभावाच्या अन्य वाटा शोधणार नाही याची खात्री देता आली नाही आणि प्रकल्प गुंडाळण्यात आला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी खुले झाल्यानंतर उमेदवारही अर्ज लिहिण्यासाठी भाषिक प्रारूपांची मदत घेऊ लागले. एकसारख्या भाषेतील सफाईदार अर्जांची संख्या वाढल्याने, अर्जाच्या लेखनावरून उमेदवाराविषयी अनुमान काढणे माणूस व यंत्र दोघांनाही अवघड झाले.

## मानवी निर्णयाच्या मर्यादा

यंत्राच्या वापरास अनुकूल असणारे अभ्यासक प्रथम मानवी निवडीतील दोषांकडे लक्ष वेधतात. प्रत्येक उमेदवाराला वेगळे प्रश्न विचारणारी मोकळी मुलाखत ही भरतीची सर्वाधिक रुळलेली पद्धत असली, तरी पुढील कामगिरीचा अंदाज देण्यात ती सुरचित मुलाखतीपेक्षा कमी पडते. सुरचित मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारले जातात आणि उत्तरांना आधी निश्चित केलेल्या निकषांवर गुण दिले जातात. पॉल सॅकेट व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुन्या अभ्यासांचे फेरमूल्यांकन केले, तेव्हा निवडीच्या पद्धतींत सुरचित मुलाखत भाकितक्षमतेच्या दृष्टीने अग्रस्थानी आली.

नावावरून होणाऱ्या भेदभावाचे प्रयोगही प्रसिद्ध आहेत. २००४ मध्ये मारियान बर्ट्रांड व सेंथिल मुल्लइनाथन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बोस्टन व शिकागो येथील जाहिरातींना सुमारे ५,००० काल्पनिक बायोडाटा पाठवले गेले. गोऱ्या अमेरिकनांत आढळणारी नावे असलेल्या बायोडाटांना कृष्णवर्णीयांत आढळणाऱ्या नावांपेक्षा ५० टक्के अधिक प्रतिसाद मिळाला.

भारतातील अशा अभ्यासांत अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात व समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांचा २००७ मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा मानला जातो. त्यात इंग्रजी वृत्तपत्रांतील खासगी क्षेत्राच्या ५४८ जाहिरातींना ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज पाठवण्यात आले. पात्रता सारखी असूनही उच्चवर्णीय आडनावाच्या अर्जदाराच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जदाराला पुढील फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता लक्षणीयरीत्या कमी होती आणि मुस्लिम नावाच्या अर्जदाराच्या बाबतीत ती त्याहूनही कमी होती. अर्जात जातीचा किंवा धर्माचा उल्लेख कोठेही नव्हता. नावावरूनच अर्जदार गळत होते.

## यंत्रणेच्या मर्यादा

संगणकीय प्रणाली नाव, लिंग किंवा जात या रकान्यांकडे दुर्लक्ष करेल अशी व्यवस्था करता येते. परंतु तेवढ्याने पक्षपात नाहीसा होत नाही. पिन कोड, शाळेचे माध्यम, महाविद्यालय, छंद आणि नोकरीतील खंड यांसारख्या बाबी त्या रकान्यांचे काम अप्रत्यक्षपणे करतात. अशा बाबींना पर्यायी निर्देशक म्हणतात. ॲमेझॉनच्या प्रणालीला अर्जदाराचे लिंग सांगावे लागले नव्हते.

दुसरी मर्यादा काटेकोर अटींची आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूल व ॲक्सेंचर यांच्या २०२१ मधील अहवालासाठी केलेल्या पाहणीत, उच्च कौशल्याचे पात्र उमेदवारही जाहिरातीतील अटींशी तंतोतंत न जुळल्यामुळे प्रणालीकडून गाळले जातात, हे ८८ टक्के नियोक्त्यांनी मान्य केले. सहा महिन्यांहून अधिक खंड असलेले अर्ज आपोआप बाजूला काढणे ही अशीच एक अट होय. बाळंतपण, आजारपण किंवा घरातील वृद्धांची शुश्रूषा यांमुळे नोकरी सोडावी लागलेल्यांना तिचा फटका बसतो.

तिसरी मर्यादा मोजमापाच्या विश्वासार्हतेची आहे. चेहऱ्यावरील हावभावांवरून योग्यता जोखण्याच्या पद्धतीवर मोठी टीका झाल्यानंतर हायरव्ह्यू या अमेरिकन कंपनीने आपल्या मूल्यांकनातून चेहऱ्याचे विश्लेषण वगळल्याचे जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केले. बोलण्याचे लेखी रूपांतर करणाऱ्या प्रणालींतही तफावत आढळते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच मोठ्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या असता, गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात सरासरी १९ टक्के, तर कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलण्यात ३५ टक्के शब्द चुकले. मुलाखतीचे गुण अशा रूपांतरावर आधारलेले असल्यास उत्तराऐवजी उच्चाराची परीक्षा होण्याचा धोका असतो.

भाषिक प्रारूपेही याला अपवाद नाहीत. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये बायोडाटा व जाहिरात यांची जुळणी करणारी तीन प्रारूपे तपासली. केवळ नावे बदलून केलेल्या तुलनांत गोऱ्यांशी निगडित नावांना ८५ टक्के वेळा प्राधान्य मिळाले, तर स्त्रियांशी निगडित नावांना केवळ ११ टक्के वेळा.

## एकत्रित निर्णयांविषयीचे संशोधन

माणूस व यंत्र यांच्या एकत्रित निर्णयांविषयीच्या अभ्यासांतून परस्परांना छेद देणारे वाटावेत असे निष्कर्ष निघाले आहेत.

मिचेल हॉफमन, लिसा कान व डॅनिएल ली यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५ कंपन्यांतील सेवाक्षेत्रातील नोकऱ्यांवर झालेल्या सुमारे ३ लाख नेमणुकांची माहिती होती. संगणकीय चाचणी सुरू केल्यानंतर कर्मचारी नोकरीत टिकण्याचा कालावधी सुमारे १५ टक्क्यांनी वाढला. चाचणीचा कौल वारंवार डावलणाऱ्या व्यवस्थापकांनी नेमलेले कर्मचारी मात्र तुलनेने लवकर नोकरी सोडून गेले. म्हणजे या ठिकाणी मानवी हस्तक्षेपाने निर्णय सुधारण्याऐवजी बिघडला.

याउलट, यंत्रावर जास्त विसंबण्याचे दुष्परिणामही नोंदले गेले आहेत. फॅब्रिझिओ डेलॲक्वा यांच्या २०२२ मधील प्रयोगात भरतीचे काम करणाऱ्या १८१ व्यावसायिकांना प्रत्येकी ४४ बायोडाटा तपासण्यास देण्यात आले. काहींना उत्तम प्रतीच्या प्रणालीची मदत होती, तर काहींना कमी प्रतीच्या. उत्तम प्रणाली मिळालेल्यांनी कमी वेळ व कमी श्रम खर्च केले आणि तिच्या शिफारशी मुकाट्याने स्वीकारल्या. कमी प्रतीची प्रणाली मिळालेले अधिक सावध राहिले आणि त्यांचे निर्णय अधिक अचूक ठरले. यंत्राचे म्हणणे पडताळून न पाहता मान्य करण्याच्या या प्रवृत्तीला स्वयंचलनप्रवण पूर्वग्रह असे म्हणता येते.

यंत्राचा पक्षपात माणसात उतरतो का, हे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या २०२५ मधील प्रयोगात तपासण्यात आले. त्यातील ५२८ सहभागींनी यंत्राच्या शिफारशी पाहून उमेदवार निवडले. शिफारशी नसताना किंवा त्या निःपक्षपाती असताना सहभागींनी वेगवेगळ्या वंशांच्या उमेदवारांना साधारण सारख्या प्रमाणात निवडले. शिफारशी तीव्र पक्षपाती असताना मात्र सुमारे ९० टक्के वेळा त्यांनी यंत्राचीच री ओढली. अंतिम निर्णय माणसाच्या हाती ठेवणे हा स्वतःत पुरेसा उपाय नाही, असे या निष्कर्षांवरून दिसते.

काम वेगळ्या रीतीने वाटून घेतल्यास लाभ होतो, असेही दिसले आहे. ब्रायन जॅबेरियन व लुका हेंकेल यांच्या २०२५ मधील अभ्यासात फिलिपिन्समधील ग्राहकसेवेच्या नोकऱ्यांसाठी अर्ज केलेल्या सुमारे ७०,००० उमेदवारांच्या मुलाखती माणूस किंवा बोलणारी प्रणाली यांपैकी एकाने घेतल्या. निवडीचा निर्णय दोन्ही गटांत माणसांनीच घेतला. यंत्राने मुलाखत घेतलेल्या गटात नोकरीचे प्रस्ताव १२ टक्क्यांनी आणि पहिला महिना टिकलेले कर्मचारी १७ टक्क्यांनी अधिक होते. पर्याय दिल्यावर ७८ टक्के उमेदवारांनी यंत्राकडून मुलाखत देणे पसंत केले. येथे यंत्राने सर्वांकडून सारख्या पद्धतीने माहिती गोळा केली आणि तिचा अर्थ माणसांनी लावला.

डॅनिएल ली, लिंडसे रेमंड व पीटर बर्गमन यांनी छाननीच्या प्रणालीत वेगळा बदल सुचवला. केवळ पूर्वी यशस्वी ठरलेल्यांसारख्या उमेदवारांना पुढे न पाठवता, ज्यांच्याविषयी आस्थापनेला फारशी माहिती नाही अशा पार्श्वभूमीच्या उमेदवारांनाही अतिरिक्त गुण देऊन संधी द्यावी, असा तो बदल होता. एका मोठ्या अमेरिकन कंपनीच्या माहितीवर पडताळणी केली असता, अशा प्रणालीने निवडलेल्यांची गुणवत्ता आणि विविधता या दोन्ही गोष्टी मानवी छाननीच्या तुलनेत वाढल्याचे आढळले.

## कामाची विभागणी

वरील संशोधनाच्या आधारे कामाच्या विभागणीच्या पुढील पद्धती चर्चिल्या जातात.

* क्रमवार छाननी : यंत्र अर्ज गाळते आणि उरलेले माणूस पाहतो. ही पद्धत स्वस्त व जलद आहे. परंतु यंत्राने चुकून नाकारलेले उमेदवार माणसापुढे येतच नाहीत, म्हणून चूक उघड होण्याची शक्यता सर्वांत कमी असते.
* स्वतंत्र गुणांकन : अधिकारी आधी आपले गुण नोंदवतो आणि त्यानंतरच त्याला यंत्राचे गुण दाखवले जातात. दोहोंत मोठा फरक असलेली प्रकरणे दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जातात. यंत्राच्या आकड्याचा अधिकाऱ्यावर आधीच प्रभाव पडू नये, हा यामागील हेतू असतो.
* नाकारलेल्या अर्जांची फेरतपासणी : यंत्राने बाजूला काढलेल्या अर्जांतून यदृच्छेने काही अर्ज निवडून ते यंत्राचा शेरा न दाखवता माणसाकडून तपासले जातात. पात्र उमेदवार किती प्रमाणात गळत आहेत याचा अंदाज त्यातून येतो.
* कारणासह अपवाद : यंत्राचा कौल डावलण्याचा अधिकार माणसाला असतो, मात्र त्याचे कारण लेखी द्यावे लागते आणि पुढे नेमलेल्या व्यक्तीच्या कामगिरीशी ते ताडून पाहिले जाते.
* मानवी निकष, यांत्रिक बेरीज : कोणते गुण महत्त्वाचे हे माणसे ठरवतात, मुलाखतीतील निरीक्षणेही तीच नोंदवतात, त्या सर्वांची बेरीज मात्र ठरलेल्या सूत्राने होते.

बर्कले डायटव्होर्स्ट व सहकाऱ्यांच्या प्रयोगांनुसार, यंत्राची एखादी चूक डोळ्यांसमोर आली की लोक ते वापरणे सोडून देतात. परंतु निष्कर्षात थोडासा बदल करण्याची मुभा असल्यास ते वापरण्यास राजी होतात. त्यामुळे अपवादाची मर्यादित तरतूद ही यंत्राच्या स्वीकारासाठीही उपयुक्त मानली जाते.

## पक्षपाताचे मोजमाप

निवडीतील तफावत मोजण्यासाठी अमेरिकेत १९७८ च्या मार्गदर्शक तत्त्वांतील चार-पंचमांश नियम वापरला जातो. समजा, एका पदासाठी २०० पुरुषांनी अर्ज केले व ८० जण पुढच्या फेरीत गेले, तर त्यांचा निवडदर ४० टक्के झाला. १५० स्त्रियांपैकी ४५ जणी पुढे गेल्या, तर त्यांचा निवडदर ३० टक्के झाला. ३० ला ४० ने भागल्यास ०.७५ हे गुणोत्तर मिळते. ते ०.८० पेक्षा कमी असल्याने ही तफावत तपासणीस पात्र ठरते. नियमाचे उल्लंघन म्हणजे भेदभाव सिद्ध झाला असे नव्हे. ती निवडपद्धत कामाशी खरोखर निगडित आहे का, हे त्यानंतर पाहिले जाते.

असे गणित प्रत्येक टप्प्यावर वेगळे करावे लागते. अखेरच्या मुलाखतीत स्त्री-पुरुषांचा निवडदर समान असला, तरी छाननीतच तफावत पडलेली असू शकते. शिवाय हे गणित करण्यासाठी अर्जदार कोणत्या गटातील आहे याची नोंद असावी लागते.

## कायदेशीर तरतुदी

युरोपीय संघाच्या जीडीपीआर या नियमावलीचे अनुच्छेद २२ केवळ स्वयंचलित प्रक्रियेने घेतलेल्या गंभीर परिणामाच्या निर्णयांपासून संरक्षण देते. ७ डिसेंबर २०२३ रोजी युरोपीय न्यायालयाने जर्मनीतील शूफा या पतमापन संस्थेच्या प्रकरणात महत्त्वाचा निकाल दिला. निर्णय घेणारा त्रयस्थ यंत्राने काढलेल्या गुणांवर मोठ्या प्रमाणात विसंबत असेल, तर ते गुण काढणे हाच स्वयंचलित निर्णय ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. प्रकरण कर्जाचे असले तरी त्याचे तत्त्व भरतीलाही लागू पडू शकते.

१ ऑगस्ट २०२४ रोजी अंमलात आलेल्या युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता अधिनियमाने भरतीच्या प्रणालींना उच्च जोखमीच्या गटात टाकले आहे. अशा प्रणालींवर देखरेख करणाऱ्या व्यक्तीला यंत्रावर अतिरिक्त विसंबण्याच्या प्रवृत्तीची जाणीव असावी आणि यंत्राचा निष्कर्ष डावलता यावा, अशी अपेक्षा अनुच्छेद १४ मध्ये नोंदवली आहे. कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर, वैद्यकीय व सुरक्षाविषयक कारणे वगळता, फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे.

अमेरिकेत इलिनॉय राज्याचा चित्रित मुलाखतींविषयीचा कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू झाला. न्यूयॉर्क शहराच्या २०२१ च्या स्थानिक कायदा क्रमांक १४४ नुसार स्वयंचलित निवडसाधनांचे दरवर्षी स्वतंत्र लेखापरीक्षण करून त्याचा सारांश प्रसिद्ध करणे आणि उमेदवारांना पूर्वसूचना देणे बंधनकारक आहे. त्याची अंमलबजावणी ५ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. मात्र मानवी निर्णयाला मोठ्या प्रमाणात साहाय्य करणारी किंवा त्याची जागा घेणारी साधनेच या कायद्याच्या कक्षेत येतात आणि आपले साधन तसे आहे की नाही, हे प्रथम नियोक्ताच ठरवतो. २०२४ मधील एका अभ्यासात ३९१ नियोक्त्यांची संकेतस्थळे तपासली असता केवळ १८ ठिकाणी लेखापरीक्षणाचा अहवाल आणि १३ ठिकाणी सूचना आढळली. निर्णय माणूस घेतो, हे विधान येथे जबाबदारीतून सुटण्याची वाट ठरू शकते, अशी टीका झाली आहे.

अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाने आयट्यूटरग्रुप या शिकवणी कंपनीविरुद्ध केलेला दावा ऑगस्ट २०२३ मध्ये ३,६५,००० डॉलरच्या तडजोडीने मिटला. ५५ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या स्त्रिया आणि ६० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे पुरुष यांचे अर्ज कंपनीचे सॉफ्टवेअर आपोआप नाकारत असल्याचा आरोप होता. केवळ जन्मतारीख बदलून पुन्हा अर्ज केल्यावर एका अर्जदाराला मुलाखतीचे बोलावणे आल्याने हा प्रकार लक्षात आला.

## भारतातील स्थिती

भारतात सरकारी नोकऱ्यांतील समान संधीची हमी संविधानाच्या अनुच्छेद १६ मध्ये आहे. खासगी भरतीत स्त्रियांविरुद्ध भेदभाव करण्यास पूर्वी समान मोबदला अधिनियम, १९७६ ने मनाई केली होती आणि त्याची जागा घेतलेल्या वेतन संहिता, २०१९ नेही ती केली आहे. दिव्यांग व्यक्तींसाठी २०१६ चा आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा अधिनियम आहे. जातीच्या आधारे खासगी भरतीत होणाऱ्या भेदभावासाठी मात्र असा सर्वसाधारण रोजगारविषयक कायदा नाही.

डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ यात जीडीपीआरच्या अनुच्छेद २२ सारखी तरतूद नाही. तथापि, व्यक्तीवर परिणाम करणारा निर्णय घेण्यासाठी तिची माहिती वापरली जाणार असेल, तर ती माहिती पूर्ण, अचूक व सुसंगत असल्याची खात्री करण्याची जबाबदारी या अधिनियमाच्या कलम ८ ने माहिती वापरणाऱ्यावर टाकली आहे.

भारतीय परिस्थितीत काही प्रश्न विशेषत्वाने उपस्थित होतात. महाविद्यालयांतील कॅम्पस भरतीत दहावी, बारावी व पदवी या तिन्ही टप्प्यांवर ६० टक्के गुण, शिक्षणात खंड नसणे आणि एटीकेटी शिल्लक नसणे अशा अटी अनेक कंपन्या घालतात. सॉफ्टवेअरमध्ये त्या बसवणे सोपे असते, परंतु दहावीत ५९ टक्के मिळवून पुढे पदवीला अव्वल आलेला विद्यार्थी पहिल्याच चाळणीत अडतो. अशा वेळी अट घालणारा माणूस असतो आणि ती काटेकोरपणे राबवणारे यंत्र. अपवाद करण्याची मुभा त्या टप्प्यावर कोणालाच नसते.

नावांच्या मांडणीमुळेही अडचणी संभवतात. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या प्रमाणपत्रांवर आडनाव प्रथम लिहिले जाते, तर बायोडाटात ते सहसा शेवटी येते. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या पदवीवरील व ओळखपत्रावरील नावांत फरक पडतो. एकाच मराठी नावाची रोमन लिपीतील वर्णलेखनेही निरनिराळी असतात. नावे आपोआप जुळवणाऱ्या प्रणालीला ही एका व्यक्तीची कागदपत्रे वाटतीलच असे नाही. कागदपत्रे हाती घेऊन पाहणाऱ्या कारकुनाला मात्र हा फरक नेहमीचा असतो.

सर्वांत अवघड प्रश्न मोजमापाचा आहे. थोरात व ॲटवेल यांच्या अभ्यासाने दाखवलेला भेद आडनावातून उद्भवत होता. आडनाव झाकले तरी गाव, शाळा किंवा शिष्यवृत्तीचा उल्लेख यांतून जातीचा अंदाज बांधता येतो. खासगी कंपन्या सहसा अर्जदारांच्या जातीची नोंद ठेवत नाहीत. विचारणा न करणे हे समतेचे लक्षण मानले जाते. परंतु नोंदच नसल्यामुळे चार-पंचमांश नियमासारखे गणित जातीच्या संदर्भात करता येत नाही. यावर पर्याय म्हणून, केवळ नाव बदललेले काल्पनिक बायोडाटा प्रणालीला देऊन तिच्या गुणांतील फरक तपासणे शक्य आहे. माणसांची चाचणी घेण्यासाठी अभ्यासकांना ६६ आठवडे अर्ज पाठवावे लागले होते. यंत्राची तशीच चाचणी थोड्या वेळात आणि हवी तितक्या वेळा घेता येते.

## वादाचे मुद्दे

समर्थकांच्या मते यंत्र थकत नाही, दिवसाच्या शेवटच्या अर्जालाही पहिल्या अर्जाइतकेच लक्ष देते आणि त्याचे निकष तपासता येतात. टीकाकारांच्या मते हे निकष बहुधा व्यापारी गुपित म्हणून झाकले जातात. अनेक कंपन्या एकाच पुरवठादाराचे सॉफ्टवेअर वापरत असल्यास एका ठिकाणी नाकारला गेलेला उमेदवार सर्वत्र नाकारला जाण्याचा धोका असतो. निरनिराळ्या अधिकाऱ्यांचे पूर्वग्रह निरनिराळे असल्याने पूर्वी हे तितकेसे घडत नसे. वर्कडे या कंपनीविरुद्ध फेब्रुवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात दाखल झालेल्या दाव्यात हाच मुद्दा केंद्रस्थानी आहे. नियोक्त्याबरोबरच सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनीही त्याची प्रतिनिधी म्हणून उत्तरदायी ठरू शकते, या भूमिकेवर तो दावा पुढे चालवण्यास न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये परवानगी दिली.

उमेदवाराच्या हक्कांविषयीही मतभेद आहेत. नकाराचे कारण कळणे, चुकीची माहिती दुरुस्त करता येणे आणि माणसाकडून फेरविचार मागता येणे, या तीन अपेक्षा बहुतेक प्रस्तावांत दिसतात. नियोक्ते त्यावर खर्चाचा आणि विलंबाचा आक्षेप घेतात. शिवाय निकष उघड केल्यास उमेदवार त्यांनुसार अर्ज बेततील, असेही म्हटले जाते. वाचणाऱ्याला दिसू नयेत अशा पांढऱ्या अक्षरांत बायोडाटात अपेक्षित शब्द भरण्याची क्लृप्ती याआधीच प्रचलित आहे.